नमस्कार केला की आउट

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक मोठा फोटो आहे. पंधरा गडी पिवळ्याधमक कपड्यांत उभे आहेत, मधोमध बापूशेठनी चषक पोटाशी धरलाय, आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर टोपी नि गळ्यात शिट्टी घातलेली बाई म्हणजे मी. घरी येणारा पाहुणा फोटोकडे बघून पहिला प्रश्न विचारतो, "हा कुणाच्या हळदीतला?" आणि ज्याची नजर शाबूत आहे तो दुसरा विचारतो, "मागं कोपऱ्यात तो पिवळा माणूस वाकून काय शोधतोय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. दुसऱ्याचं देता देता चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

मी फलटणच्या एका शाळेत एकतीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. बाकीच्या शाळा खो-खो आणि कबड्डी शिकवत, मी बेसबॉल शिकवला. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. मी रुजू झाले तेव्हा खेळाच्या खोलीत एका पेटीत चार बॅटा आणि नऊ हातमोजे पडून होते, आणि कबड्डीच्या मैदानावर शाळेची नवी इमारत उठत होती. पालक विचारायचे, बाई, हे क्रिकेटच ना? मी सांगायचे, नाही, क्रिकेटमध्ये माणूस दिवसभर एका जागी उभा राहू शकतो, इथं चेंडू मारला की बॅट टाकून पळावंच लागतं. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. पहिला, दुसरा, तिसरा करत परत घरच्या बेसला पाय लावला की एक धाव. दोन बेसच्या मध्ये असताना कुणी चेंडू अंगाला टेकवला तर आउट. बेसवर असाल तर तुमच्या केसालाही धक्का नाही. बेस सोडला की संपलं. एवढं कळलं तर पुढचं सगळं कळेल.

मी निवृत्त होऊन घरी बसले, आणि वर्षभरात बापूशेठ दारात आले. बापूशेठ सांगलीच्या पेठेतले हळदीचे व्यापारी. ते अमेरिकेत मुलाकडे तीन महिने राहून आले होते. तिथं मुलानं त्यांना बेसबॉलचा सामना दाखवला. खेळ काही कळला नाही, पण संघाचा मालक काचेच्या खोलीत बसतो आणि सगळे त्याला हात करतात, हे त्यांनी बरोबर हेरलं. नेमकी त्याच सुमारास राज्यात पहिली पगारी बेसबॉल लीग निघाली होती. सहा संघ, खेळाडूंना दरमहा पगार, हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आत संपायचा. बापूशेठनी एक संघ घेतला, नाव ठेवलं ‘पिवळे वाघ’, आणि प्रशिक्षक म्हणून मला विचारायला आले. पुरुषांच्या संघाला बाई कशी चालेल, असं मीच विचारलं. ते म्हणाले, "बाई, निम्मी टीम तुमच्या हातची. तुमी शिट्टी वाजवली की अजून आंगठे धरून उभी ऱ्हातील."

ते खोटं नव्हतं.

कपडे बापूशेठनी स्वतः पसंत केले. दुकानातून हळकुंड नेऊन शिंप्याला दाखवलं आणि म्हणाले, हा रंग. पहिल्या धुण्यात तो रंग बनियनला लागला, दुसऱ्या धुण्यात अंगाला. सरावाहून येताना रस्त्यातली माणसं आमच्या पोरांना मुहूर्त विचारायची.

पहिला सामना सांगलीत, आमच्याच मैदानावर होता. बापूशेठनी भटजी आणले. त्यांनी यथासांग पूजा केली, चारी बेसना हळद-कुंकू वाहिलं, घरच्या बेससमोर नारळ फोडला. मी बघत होते आणि मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा तिथं काडीचा उपयोग झाला नाही. सामना सुरू झाला. आमच्या ज्ञानूनं चेंडू असा मारला की तो कुंपणापर्यंत गेला. ज्ञानू पळाला, आणि पहिल्या बेसजवळ येताच बूट वर उचलून त्यानं बेसवरून उडी मारली. दुसऱ्यावरूनही तसंच. तिसऱ्याला थोडा कडेनं गेला. घरच्या बेसला तर त्यानं रीतसर प्रदक्षिणा घातली. त्याला आउट दिल्यावर मी ओरडत गेले, की बेसवर पाय का ठेवला नाहीस. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं वेड मलाच लागलंय.

"बाई, कुंकू वाह्यलंय त्येच्यावर. बूट घालून पाय ठिवू व्हय?"

त्या दिवशी आमचे आणखी दोघे तसेच आउट झाले. पुढच्या सामन्यापासून पूजा कुंपणाबाहेर होऊ लागली. बापूशेठ थोडे हिरमुसले, पण नारळ फोडायला मिळतोय म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

आता या ज्ञानूबद्दल सांगायला हवं. तो माझा विद्यार्थी नव्हता. माण तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, वय सव्वीस-सत्तावीस. मुंबईत बाजारात पोती उचलायचा. तिथल्या एका क्लबच्या मैदानाशेजारी राहायला होता, तिथं चेंडू आणून देता देता खेळायला लागला. त्याच्यासारखा पळणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मेंढरू कळपातून फुटलं की ते लांब जायच्या आत गाठायचं, हे लहानपणापासून केलेलं. मुंबईतलं काम सोडून तो आमच्याकडे आला, आणि बायकोला गावाहून आणून सांगलीत भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केलं. पहिल्यांदाच दोघं एका घरात राहत होती. म्हणजे त्याला हा हंगाम खेळ म्हणून नव्हता, संसार म्हणून होता.

बेसबॉलमध्ये वेगानं येणारा धावपटू बेसजवळ आला की जमिनीवर अंग टाकतो आणि पाय पुढे करून घसरत बेस गाठतो. हे शिकवताना गुडघे फुटतात. मी ऊस तोडून नेलेल्या एका रानातून पाचट आणून मैदानावर अंथरलं आणि त्यावर सराव घेतला. गुडघे वाचले, पण दोन दिवस अख्खा संघ अंग खाजवत होता. ज्ञानू मात्र पहिल्या दिवशीच शिकला. सुंदर घसरायचा. धूळ उडायची आणि धूळ बसायच्या आत त्याचा पाय बेसवर असायचा.

अडचण त्याच्या पुढची होती. बेसवर समोरच्या संघाचा एक क्षेत्ररक्षक उभा असतो. घसरत आलेला पाय बेसला लागतो तसा त्या माणसालाही लागतो. ज्ञानूचा पाय दुसऱ्याला लागला की ज्ञानू झटक्यात उठायचा, त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला लावून नमस्कार करायचा. आपण सगळेच करतो तसा. फक्त आपण एसटीत करतो, तो बेस सोडून करायचा. आणि समोरच्याच्या हातात चेंडू असायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा लोक हसले. समोरचा खेळाडूही गोंधळला, त्यानं आधी "असू दे, असू दे" म्हटलं आणि मग आठवण आल्यासारखा चेंडू टेकवला. दुसऱ्यांदा कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. तिसऱ्या वेळेपर्यंत ते सगळ्या संघांनी पाहिलं होतं, आणि मग त्यांचे क्षेत्ररक्षक मुद्दाम पाय आडवा घालायला लागले. एकानं तर ज्ञानू दोन हात लांब असतानाच "आई गं" केलं. ज्ञानूनं त्यालाही नमस्कार केला.

मी सगळे उपाय केले. ओरडले. दोन सामने बाहेर बसवलं. सरावात त्याच्या कमरेच्या पट्ट्यात त्याचे हात खोचून पळवलं, तर तो तोंडावर पडला. त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलं, की तुला कळतंय ना, तू काय करतोयस? तो म्हणाला, "कळतंय की. पर हात मी न्हाई न्हेत बाई, हात आपला आपण जातोय."

शेवटी मला एक युक्ती सुचली आणि त्या युक्तीचा मला अजून अभिमान आहे. पाय पुढे करून घसरायचंच नाही. हात पुढे करून, पोटावर घसरायचं. पायच लागला नाही तर नमस्काराचा प्रश्न कुठं येतो? पुढच्या सामन्यात ज्ञानू दुसऱ्या बेसवर तसा आला. दोन्ही हात पुढे, कपाळ मातीत, नेमका क्षेत्ररक्षकाच्या पावलांशी. सरळ लोटांगण. समोरचा पोरगा कोवळा होता. एवढा मोठा माणूस आपल्या पायाशी आलेला बघून तो कमालीचा अवघडला, दोन पावलं मागं सरला आणि त्याला चेंडू टेकवायचं सुचलंच नाही. आम्ही तो सामना जिंकलो. त्यानंतरचे चारही जिंकलो. बापूशेठ म्हणाले, विनयानं काम होतंय म्हणा की.

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही तळाला होतो, लोटांगणाच्या जोरावर अंतिम सामन्यात गेलो. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात सरावात ज्ञानूचा खांदा दुखावला. डॉक्टर म्हणाले, खेळू दे, पण हात पुढे टाकून पडायचं नाही. म्हणजे पुन्हा पाय पुढे.

बापूशेठनी मला पेढीवर बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण चषक जवळ दिसायला लागल्यावर त्याचा मोकळेपणा गेला होता. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, की अंतिम सामन्यात ज्ञानू एकदा जरी नमस्कार करून आउट झाला, तर पुढच्या वर्षी तो संघात नाही, आणि हे त्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं. नको तितक्या कडक शब्दांत सांगितलं. त्याच्या खोलीवर गेले होते, त्याची बायको आत चहा करत होती आणि तिला ऐकू जात होतं, हे कळत असूनही आवाज खाली आणला नाही. एकतीस वर्षं मैदानावर ओरडलेल्या बाईला हळू बोलायची सवय राहत नाही, पण ही सबब झाली. मी म्हटलं, तुला खेळायचंय की परत पोती उचलायचीत, एकदा ठरव.

ज्ञानू खाली बघूनच बोलला.

"बाई, आमी मेंढराला पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतो. ही तर माणसं हायती. न्हाई केला तर आत कायतरी खात ऱ्हातंय."

मला घाई होती. संध्याकाळचा सराव होता, पंचांची बैठक होती. मी म्हटलं, "मग असं कर, नमस्कार राखून ठेव. सामना संपला की काय करायचा तो कर."

त्यानं मान वर केली. "राखून ठिवल्याला चालतोय?"

"चालतो," मी म्हटलं. जसं काही या विषयातलं शास्त्र मी वाचलं होतं. चहा घेतला आणि निघाले.

अंतिम सामना सांगलीत झाला. समोर पुण्याकडचा संघ. त्यांच्या तिसऱ्या बेसवर सुभेदार मोहिते होते. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, वय चाळिशीपार. फौजेत असल्यापासून खेळत आलेले आणि उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून उभे राहणारे. हा आपला शेवटचा सामना, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आमचा संघ फलंदाजीला असला की मी तिसऱ्या बेसच्या बाहेर, आखलेल्या चौकटीत उभी राहायचे. तिथून धावपटूला पळ, थांब, घसर असं सांगायचं असतं. त्यामुळे मोहिते आणि मी दिवसभर चार पावलांवर होतो. मधल्या वेळात त्यांनी मला गुडघ्यावर कुठलं तेल चांगलं, हेही विचारून घेतलं.

सामन्याच्या मध्याला ज्ञानू दुसऱ्या बेसवर घसरला आणि त्याचा पाय तिथल्या खेळाडूच्या पोटरीला लागला. त्याचा हात उठायला लागलेला मला इथून दिसला. मी अशी शिट्टी वाजवली की पंचांनी मला ताकीद दिली. ज्ञानूनं हात पट्ट्यात खुपसला आणि बेसवर बसून राहिला. समोरचा खेळाडू चेंडू त्याच्या खांद्याजवळ धरून आशेनं वाट बघत होता.

शेवटच्या डावात दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या होत्या. आम्हाला एक हवी होती. ज्ञानू पहिल्या बेसवर होता. पुढच्या फलंदाजानं चेंडू लांब मारला आणि ज्ञानू दुसऱ्याला पाय लावून तिसऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे निघाला. चेंडूही तिकडेच फेकला गेला. मी दोन्ही हात खाली करून घसर म्हणून ओरडले. तो घसरला. धूळ उडाली. पाय बेसला लागला, चेंडू त्यानंतर आला, आणि बेस ओलांडून पुढं गेलेला बूट मोहित्यांच्या त्याच उजव्या गुडघ्यावर बसला.

मोहिते खाली बसले. ते नाटक नव्हतं, मी चार पावलांवर होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण फौजी माणूस, चेंडू धरलेला हातमोजा त्यांनी ज्ञानूच्या अंगावरून हलवला नाही. "लागलं रं गड्या," एवढंच हळूच म्हणाले.

ज्ञानूचा उजवा हात उठला. मी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजली नाही. त्यानं डाव्या हातानं आपलाच उजवा हात मनगटाला धरला आणि खाली ओढला. बेसवर पाय घट्ट, हात हातात, आणि डोळ्यांत पाणी. मोहिते त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे बघू शकत नव्हता. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण शिकवतोय ते काही फारसं चांगलं नाही. पण वाटलं तेवढंच. तोंडानं मी म्हणत होते, शाब्बास, तसाच थांब.

मोहिते उठले, लंगडत जागेवर उभे राहिले. पुढच्या फलंदाजाला मी खूण केली. त्यानं बॅट चेंडूला नुसती टेकवली, चेंडू पायापाशी घरंगळला, आणि ज्ञानू सुटला. घरच्या बेसवर त्यानं दोन्ही पाय रोवले तेव्हा त्याच्या आसपास कुणीही नव्हतं.

आम्ही जिंकलो. पिवळ्या कपड्यांचा ढीग झाला. बापूशेठ काचेच्या खोलीतून, म्हणजे आमच्याकडच्या पत्र्याच्या मांडवातून, धोतर सावरत पळत आले. ढिगात ज्ञानू नव्हता. तो उलटा, घरच्या बेसकडून तिसऱ्याकडे चालत येत होता. मोहिते बेसवर बसूनच होते. शेवटी कुणीतरी परत केलेला चेंडू अजून त्यांच्या हातमोज्यात होता, आणि ते तोंड फिरवून डोळे पुसत होते. मी माझ्या चौकटीत तशीच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काका, मगाशी पाय लागला," ज्ञानू म्हणाला. "तवा जमलं न्हाई. बाई म्हनल्या, राखून ठेव."

आणि तो वाकला. नुसता हात लावून नव्हे, डोकं टेकवून. मोहित्यांनी एका हातानं त्याला उठवलं आणि हातमोज्याचा दुसरा हात, आतल्या चेंडूसकट, त्याच्या खांद्यावर ठेवला. तिथं उभ्या असलेल्या पंचांचा हात सवयीनं वर गेला, मूठ वळली, आणि ते म्हणाले, "आउट."

जिंकलेला सामना गेला, असं मला खरोखर वाटलं. मग पंचांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं आणि ती खिशात घातली. मोहिते रडता रडता हसायला लागले. "आउट हायस गड्या," ते म्हणाले. "जा आता, कप घे जा."

"जातो. अजून एक राह्यलाय," ज्ञानू म्हणाला आणि त्यांचा दुसऱ्या बेसचा खेळाडू शोधायला निघाला. तो कुंपणापाशी बूट काढत बसला होता.

मी राखून ठेव म्हटलं होतं, हे मी साफ विसरून गेले होते. वेळ मारून न्यायला बोललेलं वाक्य होतं ते. त्यानं ते दोनदा मोजून लक्षात ठेवलं होतं. मला लाज वाटली आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि पोरांना वाटलं बाईंना आनंद झालाय. मला ओढत फोटोला नेलं. मी म्हणत होते, थांबा, एक माणूस कमी आहे. बापूशेठना घाई होती. फोटोवाल्यानं फोटो काढला.

लीग पुढच्या वर्षी कशीबशी झाली आणि मग बंद पडली. बापूशेठ पुन्हा हळदीत रमले. ज्ञानू माणला परत गेला. मेंढरं आहेत, आणि सकाळी तिथल्या शाळेतल्या मुलींना बेसबॉल शिकवतो. घसरायला शिकवतो का, असं मी फोनवर विचारलं. म्हणाला, शिकवतो की, आणि सामना संपल्यावर पोरी रांगेनं समोरच्या संघाकडे जातात, तेही शिकवतो. त्याच्या मुली हरल्या तरी त्यांना वेळ लागतो म्हणे, कारण राखून ठेवलेले बरेच असतात.

परवा या अंकाच्या संपादकांचा फोन आला. लेखाबरोबर तोच फोटो छापणार आहेत. म्हणाले, पानात बसत नाही, मागचा तो कोपरा कापावा लागेल, तिथं एक माणूस वाकलेला दिसतोय. मी म्हटलं, कापायचंच असेल तर मधला चषक कापा.